जुन्या शिडाच्या जहाजांच्या खलाशीयाद्या

खलाशीयादी म्हणजे व्यापारी जहाजावर एखाद्या सफरीसाठी नोकरीला घेतलेल्या सर्व माणसांची, त्यांच्या हुद्द्यांसह आणि पगारासह केलेली लेखी नोंद होय. ब्रिटिश जहाजांच्या बाबतीत खलाशांची यादी आणि कप्तानाशी झालेला त्यांचा करार हे एकोणिसाव्या शतकात एकाच कागदावर येऊ लागले. त्यामुळे अभ्यासक या कागदाला 'करारपत्र' आणि 'खलाशीयादी' अशा दोन्ही नावांनी ओळखतात. शिडाच्या जहाजांच्या अखेरच्या काळात, म्हणजे साधारणपणे १८३५ ते १९१३ या वर्षांत, सामान्य खलाशाच्या नोकरीचा माग काढण्याचे हे सर्वांत महत्त्वाचे साधन आहे.

या याद्या खलाशांचा इतिहास लिहिण्यासाठी तयार झालेल्या नव्हत्या. नौदलाला युद्धकाळी माणसे मिळावीत, पगाराचे तंटे मिटावेत आणि जहाजमालकांवर कायद्याचा वचक राहावा, हे त्यांचे हेतू होते. म्हणून त्या माणसाच्या नावाने नव्हे, तर जहाजाच्या क्रमांकाने लावून ठेवलेल्या आहेत. एखाद्या खलाशाचे नाव ठाऊक असून जहाज ठाऊक नसेल, तर त्याची नोंद अस्तित्वात असूनही सहसा सापडत नाही. या विषयातील बहुतेक अडचणी आणि त्यांवर शोधलेल्या युक्त्या याच एका गोष्टीतून उद्भवल्या आहेत.

नोंदणीचा इतिहास

ब्रिटिश संसदेने १७४७ मध्ये केलेल्या कायद्यानुसार व्यापारी जहाजाच्या कप्तानाने आपल्या माणसांची हजेरीयादी ठेवणे बंधनकारक झाले. प्रत्येक खलाशाच्या पगारातून दरमहा सहा पेन्स कापून घेत आणि त्या निधीतून जायबंदी खलाशांना तसेच मृतांच्या विधवांना मदत देत. वर्गणीचा हिशेब लागावा एवढ्यासाठीच या याद्या होत्या. अठराव्या शतकातील अशा याद्या मोजक्याच बंदरांच्या उरल्या आहेत आणि त्यांपैकी पुष्कळ याद्यांत खलाशांची नावे न देता केवळ त्यांची संख्या दिलेली आढळते.

खरा बदल १८३५ च्या व्यापारी नौकानयन कायद्याने झाला. नेपोलियनशी झालेल्या युद्धांत नौदलाने व्यापारी खलाशांना सक्तीने धरून नेले होते. ती पद्धत पुन्हा वापरण्याऐवजी देशात खलाशी किती व कोठे आहेत हे आधीच माहीत असावे, असा विचार पुढे आला. लंडनमध्ये व्यापारी खलाशांचे नोंदणी कार्यालय स्थापन झाले आणि प्रत्येक कप्तानाने सफर संपताच करारपत्र व यादी त्या कार्यालयाकडे पाठवावी असे ठरले. किनारी वाहतूक करणाऱ्या छोट्या जहाजांना दर सफरीऐवजी सहा महिन्यांतून एकदा, जून आणि डिसेंबरच्या अखेरीस, यादी द्यावी लागे.

आलेल्या याद्यांवरून कारकून खलाशांची नाववार नोंदवही तयार करू लागले. १८४४ च्या कायद्याने त्यापुढचे पाऊल टाकले. १८४५ पासून प्रत्येक ब्रिटिश खलाशाला क्रमांक असलेले नोंदणी-तिकीट घेणे भाग पडले. तिकिटाच्या नोंदवहीत जन्मतारीख, जन्मस्थान, उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग, अंगावरील खुणा, प्रथम समुद्रावर गेल्याचे वर्ष आणि राहण्याचे ठिकाण एवढा तपशील असे. एकोणिसाव्या शतकातील सामान्य श्रमिकाचे इतके नेमके शारीरिक वर्णन दुसऱ्या फारशा कागदांत मिळत नाही. तिकिटांपुढे खलाशाच्या सफरीही नोंदवत, परंतु त्या बंदरांच्या आणि जहाजांच्या सांकेतिक आकड्यांत असल्यामुळे उलगडा केल्याखेरीज वाचता येत नाहीत. खलाशांना ही तिकिटे मुळीच आवडली नाहीत. आपल्यावर पाळत ठेवली जाते अशी त्यांची भावना होती. तिकिटे हरवत, विकली जात, उसनी दिली जात. अखेर १८५३ मध्ये ती रद्द झाली. त्यानंतर साधी नाववार नोंदवही आणखी काही वर्षे चालली आणि १८५७ मध्ये तीही बंद झाली.

पोकळीचा काळ

१८५७ पासून १९१३ पर्यंत ब्रिटनमध्ये खलाशांची मध्यवर्ती नाववार नोंद ठेवलीच गेली नाही. चहा आणि लोकर वाहून नेणारी वेगवान क्लिपर जहाजे, लोखंडी व पुढे पोलादी बांधणीची मोठी मालवाहू गलबते, सुएझ कालव्यामुळे वाफेच्या जहाजांनी हळूहळू मारलेली बाजी, हे सारे याच काळातले. शिडांच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली ही वर्षे खलाशांच्या दृष्टीने निनावी राहिली, कारण दरवर्षी लाखो नावे कागदावर उतरत होती, पण ती एकत्र आणणारी सूची नव्हती.

तिच्या जागी होता तो जहाजाचा अधिकृत क्रमांक. १८५४ च्या व्यापारी नौकानयन कायद्यानंतर प्रत्येक ब्रिटिश जहाजाला असा क्रमांक देण्यात येऊ लागला. जहाजाचे नाव बदलले, मालक बदलला किंवा नोंदणीचे बंदर बदलले तरी क्रमांक तोच राही. करारपत्रे या क्रमांकानुसार वर्षवार लावलेली आहेत. क्रमांक शोधण्यासाठी १८५७ पासून दरवर्षी प्रसिद्ध होणारी 'मर्कंटाइल नेव्ही लिस्ट' आणि 'लॉइड्स रजिस्टर' ही दोन प्रकाशने उपयोगी पडतात. एकाच नावाची अनेक जहाजे एकाच वर्षी समुद्रावर असत. 'मेरी' किंवा 'एलिझाबेथ' या नावाचे जहाज शोधणाऱ्याला नोंदणीचे बंदर व टनांतील आकार ठाऊक नसेल, तर त्याच्या हाती डझनावारी क्रमांक येतात.

करारपत्रात काय असते

परदेशी सफरीचे करारपत्र हा अनेक पानांचा, घडी घातलेला मोठा छापील कागद असे. वरच्या भागात जहाजाचे नाव, अधिकृत क्रमांक, नोंदणीचे बंदर, टनभार, मालकाचे व कप्तानाचे नाव आणि सफरीचे वर्णन असे. हे वर्णन मुद्दाम सैल ठेवलेले असे. जहाज ७५ अंश उत्तर आणि ६० अंश दक्षिण या अक्षांशांमधील कोणत्याही बंदरात जाईल व सफर अमुक वर्षांपेक्षा अधिक काळ चालणार नाही, अशा आशयाचे वाक्य शेकडो करारांत आढळते. शिडाच्या जहाजाला पुढचे भाडे कोठे मिळेल हे निघताना ठाऊक नसे. म्हणून खलाशी सही करीत तो जवळजवळ अवघ्या पृथ्वीसाठी.

त्याखाली शिध्याचे कोष्टक असे. पाव किंवा बिस्किटे, खारवलेले गोमांस व डुकराचे मांस, पीठ, वाटाणे, चहा, कॉफी, साखर आणि पाणी यांचे रोजचे प्रमाण त्यात वारानुसार दिलेले असे. दारू मिळणार नाही, अशी ओळ बऱ्याच करारांत स्वतंत्रपणे लिहिलेली दिसते.

मुख्य भाग मात्र रकान्यांचा. प्रत्येक माणसापुढे त्याची सही किंवा अंगठाबहाद्दरांनी काढलेली फुली, वय, जन्मगाव किंवा देश, याआधीचे जहाज आणि ते सोडल्याचे वर्ष, या जहाजावर रुजू झाल्याची तारीख व ठिकाण, हुद्दा, मासिक पगार, आगाऊ घेतलेली रक्कम, घरी पाठवण्यासाठी नेमून दिलेला हिस्सा, जहाज सोडल्याची तारीख, ठिकाण व कारण अशा नोंदी असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनुभवी खलाशाला, म्हणजे 'एबल सीमन' हुद्द्याच्या माणसाला, शिडाच्या जहाजावर महिना साधारण अडीच ते तीन पौंड मिळत. शतकाच्या शेवटी घरचा पत्ताही नोंदवला जाऊ लागला आणि वंशावळ शोधणाऱ्यांसाठी तोच सर्वांत मोलाचा रकाना ठरला.

या रकान्यांपैकी दोन विशेष लक्षपूर्वक वाचावे लागतात. एक जहाज सोडल्याच्या कारणाचा. 'सेवामुक्त' ही सर्वसाधारण नोंद. परंतु 'पळून गेला', 'इस्पितळात ठेवला', 'तुरुंगात', 'बुडाला' या नोंदीही तितक्याच कोरडेपणाने केलेल्या आढळतात. ऑस्ट्रेलिया व अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत निम्मेअर्धे खलाशी पळाल्याची उदाहरणे दुर्मीळ नाहीत. सोन्याच्या खाणी, किनाऱ्यावरची अधिक मजुरी आणि खलाशी पळवून दुसऱ्या जहाजाला विकणारे दलाल, ही त्याची कारणे. दुसरा रकाना वागणुकीच्या शेऱ्याचा. सफर संपल्यावर कप्तान खलाशाच्या कौशल्यावर व वर्तनावर शेरा देई आणि तोच शेरा सेवामुक्तीच्या दाखल्यावर उतरे. 'फार चांगला' हा शेरा इतका सर्रास मिळे की त्याला फारसा अर्थ उरला नव्हता. कप्तानाने 'अभिप्राय देण्यास नकार' असे लिहिले, तर मात्र पुढची नोकरी मिळणे कठीण होई. उघड निंदा न करता माणसाचे नुकसान करण्याची ती रीत होती.

करारपत्राच्या मागच्या पानांवर परदेशी बंदरांतील ब्रिटिश वकिलांचे किंवा वसाहतीतील शिपिंग मास्टरांचे शिक्के व शेरे असतात. जहाज बंदरात कधी आले, कधी गेले, तेथे कोण उतरला, कोण नव्याने घेतला, हे त्यांवरून कळते. जहाजाचा मार्ग उलगडण्यासाठी ही पाने पहिल्या पानापेक्षा अधिक कामाची ठरतात. जहाजाची अधिकृत रोजनिशीही कधी कधी सोबत जोडलेली असते. १८५० नंतर ती ठेवणे सक्तीचे झाले, परंतु १९०२ पूर्वीच्या बहुतेक रोजनिश्या नष्ट करण्यात आल्या. ज्यांत सफरीतील जन्म किंवा मृत्यू नोंदलेला होता, अशाच मुख्यतः शिल्लक राहिल्या.

कागदांची वाटणी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या करारपत्रांचा ढीग एवढा वाढला की तो सांभाळणे ब्रिटिश सरकारी अभिलेखागाराला अवघड झाले. १८६१ नंतरच्या कागदांपैकी नमुन्यादाखल दहा टक्केच ठेवून उरलेल्यांची विल्हेवाट लावण्याचा विचार झाला. इतिहासकारांनी व संस्थांनी पुढाकार घेतल्यामुळे ते वाचले, पण विखुरले. दहा टक्क्यांचा नमुना क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात राहिला. १८६१ व १८६२ या वर्षांचे आणि ज्या वर्षांचा शेवटचा अंक ५ आहे त्या वर्षांचे, म्हणजे १८६५, १८७५, १८८५ असे, उरलेले कागद ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे गेले. काही जिल्हा अभिलेखागारांनी आपापल्या बंदरांच्या जहाजांचे कागद मागून घेतले. राहिलेला सर्वांत मोठा भाग, एकूण कागदांच्या सुमारे सत्तर टक्के, १९७१ मध्ये कॅनडातील न्यू फाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाने स्वीकारला. सेंट जॉन्स शहरातील त्या विद्यापीठाच्या सागरी इतिहास अभिलेखागारात तो आजही आहे.

परिणामी एकाच जहाजाच्या लागोपाठच्या तीन सफरींचे कागद तीन ठिकाणी, कधी महासागराच्या दोन काठांवर, असू शकतात. ही वाटणी गैरसोयीची खरी, तरीही तिच्यामुळेच कागद उरले, हे विसरता येत नाही. अलीकडच्या काळात स्वयंसेवकांच्या प्रकल्पांनी जहाजांच्या क्रमांकांच्या सूच्या व काही वर्षांतील खलाशांची नावे संगणकीकृत केली आहेत. १९१५ या एका वर्षाच्या सुमारे ३९,००० याद्यांतील साडेसात लाखांच्या आसपास नावांची सूची अशाच सामूहिक श्रमांतून तयार झाली. बाकीच्या बहुतेक वर्षांसाठी आजही जहाज ठाऊक असावे लागते.

माग काढण्याची रीत

संशोधनाची सुरुवात कोणत्या तरी एका जहाजाच्या नावापासून होते. घरात जपलेला सेवामुक्तीचा दाखला, विवाहनोंद, जुने पत्र, थडग्यावरील मजकूर किंवा वृत्तपत्रातील अपघाताची बातमी यांतून ते मिळू शकते. १८६१ पासूनच्या ब्रिटिश जनगणनांत बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवरील माणसेही मोजलेली असल्यामुळे त्यांचाही उपयोग होतो. नाव मिळाल्यावर अधिकृत क्रमांक, क्रमांकावरून त्या वर्षाचे करारपत्र, आणि करारपत्रात खलाशाची ओळ, असा क्रम असतो.

त्या ओळीतील 'याआधीचे जहाज' हा रकाना साखळीची पुढची कडी देतो. त्या जहाजाचे करारपत्र काढले की त्याच्याही आधीचे जहाज कळते. असे मागे मागे जाता येते, अगदी 'पहिली सफर' अशी नोंद सापडेपर्यंत. मागे जाणे शक्य असले तरी पुढे जाणे मात्र तितके सोपे नसते, कारण खलाशी यानंतर कोणत्या जहाजावर जाणार हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. तो त्याच जहाजावर पुन्हा रुजू झाला आहे का हे आधी पाहावे लागते. नसल्यास सोडलेल्या बंदरातून त्या आठवड्यांत निघालेल्या जहाजांची नावे वृत्तपत्रांतील नौकानयन-वार्तांवरून जमवून एकेक यादी तपासावी लागते. म्हणून अनुभवी संशोधक खलाशाच्या आयुष्यातील शक्य तितकी उशिराची नोंद आधी गाठतात आणि तेथून उलट दिशेने चालू लागतात.

एक कडी हरवली की साखळी तुटते. खलाशी काही काळ अमेरिकन किंवा नॉर्वेजियन जहाजावर गेला असेल, तर ब्रिटिश कागदांत ते जहाज केवळ नावापुरते येते आणि माग दुसऱ्या देशाच्या अभिलेखागारात शिरतो.

कप्तान, मेट आणि उमेदवार

अधिकाऱ्यांचा माग काढणे पुष्कळ सोपे आहे. १८४५ मध्ये कप्तान व मेट यांच्यासाठी ऐच्छिक परीक्षा सुरू झाली आणि १८५० च्या कायद्याने परदेशी सफरींवरील जहाजांसाठी योग्यतेचा दाखला सक्तीचा झाला. दाखल्याला क्रमांक असे. परीक्षेच्या अर्जात उमेदवाराला आपली आजवरची सारी नोकरी, जहाजांची नावे आणि तारखा यांसह मांडावी लागे. हा अर्ज उपलब्ध असेल तर वर वर्णन केलेली साखळी एका कागदावर तयारच मिळते. यांखेरीज लॉइड्स संस्थेने ठेवलेल्या कप्तानांच्या नोंदवहीत १८५१ पासून पुढे दाखला मिळवलेल्या हजारो अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या जहाजवार दिलेल्या आहेत.

उमेदवारांचीही स्वतंत्र नोंद होती. १८२३ च्या कायद्याने ८० टनांवरील जहाजांना ठराविक संख्येने उमेदवार मुले नेणे सक्तीचे केले होते. १८४९ मध्ये ही सक्ती गेली, तरी उमेदवारीचे करार पुढेही नोंदवले जात राहिले. साधा खलाशी, आचारी, सुतार व शिडे शिवणारा यांच्या वाट्याला मात्र करारपत्रातील एक ओळ एवढेच आले.

जोसेफ कॉनरॅड यांचे उदाहरण

खलाशीयाद्यांतून पूर्ण नोकरी उभी करता येते, याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड यांचे आहे. मूळचे पोलिश असलेले युझेफ तेओदोर कोन्राद कोझेन्योव्स्की (१८५७–१९२४) १८७८ मध्ये ब्रिटिश जहाजावर प्रथम आले आणि १८९४ पर्यंत समुद्रावर राहिले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर कोळसा वाहणारे 'स्किमर ऑफ द सी', सिडनीला गेलेले 'ड्यूक ऑफ सदरलँड', तिसऱ्या मेटची जागा मिळालेले 'लॉख एटिव्ह', दुसऱ्या मेटची जागा मिळालेले 'पॅलेस्टाइन', अशी त्यांची चढती नोकरी करारपत्रांतून कडीकडीने दिसते. दुसरा मेट, पहिला मेट आणि कप्तान या परीक्षा ते अनुक्रमे १८८०, १८८४ व १८८६ मध्ये उत्तीर्ण झाले. पहिल्या परीक्षेच्या अर्जात फ्रेंच जहाजांवरील आपला अनुभव त्यांनी प्रत्यक्षाहून वाढवून सांगितला होता, हेही कागद ताडून पाहिल्यावरच उघड झाले. हे उदाहरण सर्व संशोधकांना सावध करणारे आहे, कारण परीक्षेच्या अर्जांवर एरवी सहज विश्वास ठेवला जातो.

'पॅलेस्टाइन' हे जहाज कोळसा घेऊन बँकॉककडे निघाले असता मार्च १८८३ मध्ये सुमात्राजवळ जळाले. या प्रसंगावर कॉनरॅड यांची 'यूथ' ही कथा आधारलेली आहे. कथेत जहाजाचे नाव 'जुडिया' आहे आणि खलाशी लिव्हरपूलचे रांगडे गडी आहेत. यादी पाहता जहाजावर लिव्हरपूलचा एकही माणूस नव्हता. कॉर्नवॉलचे काही, एक आयरिश आणि बाकीचे निरनिराळ्या देशांचे, असा तो जमाव होता. कथेतील होड्यांचा दीर्घ प्रवासही सिंगापूर येथील चौकशीच्या कागदांत काही तासांचा ठरतो. नॉर्मन शेरी यांच्या 'कॉनरॅड्स ईस्टर्न वर्ल्ड' (१९६६) या ग्रंथात अशा कागदांचा कसून उपयोग केलेला आहे. कथाकाराने सत्य बदलले म्हणून त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु आत्मचरित्रात्मक वाटणाऱ्या लेखनावरून खलाशाचे चरित्र लिहिणे किती धोक्याचे असते, हे यावरून कळते.

या नोकरीत मुंबईचाही संबंध येतो. १८८४ च्या एप्रिलमध्ये 'रिव्हर्सडेल' या जहाजाच्या कप्तानाशी मद्रास येथे कॉनरॅड यांचे बिनसले आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यांच्या दाखल्यावर कौशल्याबद्दल 'फार चांगला' असा शेरा आहे, वर्तनाच्या जागी मात्र अभिप्राय नाकारलेला आहे. ते तेथून मुंबईला आले आणि महिनाअखेरीस 'नार्सिसस' या शिडाच्या जहाजावर दुसरा मेट म्हणून रुजू झाले. जूनच्या आरंभी मुंबईहून निघालेले हे जहाज ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधील डंकर्क येथे पोहोचले. वाटेत एक खलाशी मरण पावल्याची नोंद आहे आणि पुढे याच सफरीतून त्यांची प्रसिद्ध कादंबरी जन्माला आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते पहिल्या मेटची परीक्षा उत्तीर्ण झाले. अर्थात मद्रासच्या शेऱ्याने त्यांची वाट कायमची अडली नाही. दाखला व परीक्षा यांचे पाठबळ नसलेल्या साध्या खलाशाला असाच शेरा मिळाला असता, तर तो कदाचित नाव बदलून पुन्हा समुद्रावर गेला असता आणि आपल्या नजरेतून निसटला असता.

नोंदींचा विश्वास

करारपत्रातील माहिती खलाशाने तोंडी सांगितलेली आणि कारकुनाने घाईत लिहिलेली असे. पुरावा मागण्याची पद्धत नव्हती. नोकरी मिळावी म्हणून पोरे वय वाढवून व म्हातारे ते कमी करून सांगत. त्यामुळे एकाच माणसाचे वय दोन सफरींत सहा वर्षांनी वाढलेले किंवा तसेच थांबलेले आढळले तर नवल वाटू नये. पळून गेलेला खलाशी खोट्या नावाने पुन्हा भरती होई आणि आधीचे जहाजही खोटेच सांगे. स्कँडिनेव्हियन, फिनिश व जर्मन नावे इंग्रजी कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली जात आणि जन्मस्थानापुढे गावाऐवजी केवळ देशाचे नाव येई.

म्हणून नावापेक्षा सही अधिक विश्वासार्ह मानतात. कारकुनाने नाव कसेही लिहिले तरी खलाशाची सही बहुधा तशीच राहते. दोन याद्यांतील माणूस एकच आहे की नाही हे ठरवताना सही, जन्मस्थान आणि आधीच्या जहाजाचा मेळ या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात. फुली काढणाऱ्यांच्या बाबतीत यांपैकी पहिली कसोटीच नाहीशी होते.

लास्कर आणि भारतीय कागद

ब्रिटिश जहाजांवर काम करणाऱ्या आशियाई, मुख्यतः भारतीय, खलाशांना 'लास्कर' म्हणत. हा शब्द फारसी 'लश्कर' शब्दाशी जोडला जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून शिडाच्या जहाजांवर त्यांची भरती होत असे आणि वाफेच्या जहाजांवर ती फार वाढली. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर रत्नागिरीकडील व गुजरात-कच्छ किनाऱ्यावरील माणसे डेकवर आणि गोव्याचे लोक स्वयंपाकघरात व प्रवाशांच्या दिमतीला, अशी विभागणी स्थिरावली. सारंग, टंडेल, सुकाणी, खलाशी, भंडारी हे त्यांचे हुद्दे इंग्रजी कागदांतही याच नावांनी, पण नाना प्रकारे लिहिलेले येतात.

युरोपीय खलाशाबद्दल वर सांगितलेली रीत त्यांच्या बाबतीत अपुरी पडते. १८२३ च्या ब्रिटिश कायद्याने लास्करांना ब्रिटिश खलाशांच्या व्याख्येतून वगळले आणि त्यांना परत पाठवण्याची जबाबदारी जहाजमालकांवर टाकली. त्यांचे करार वेगळ्या नमुन्यावर, मुंबई किंवा कलकत्ता येथे होत आणि १८५९ च्या भारतीय कायद्यानंतर तेथील शिपिंग मास्टरच्या कार्यालयातून जात. इंग्लंडमध्ये जमा होणाऱ्या करारपत्रात त्यांची स्वतंत्र यादी नेहमी जोडलेली नसे. काही ठिकाणी अधिकाऱ्यांची नावे तपशीलवार दिलेली आणि खाली लास्करांची फक्त संख्या, असे चित्र दिसते. भरतीही एकेकट्याची नसे. सारंग आपल्या गावाकडची किंवा नात्यातली टोळी घेऊन येई, त्यामुळे कागदावरील व्यवहार मुख्यतः त्याच्याशीच होई.

नाव सापडले तरी ओळख पटवणे अवघड असते. आडनाव न लिहिता केवळ स्वतःचे किंवा वडिलांसह नाव लिहिण्याची पद्धत, एकाच सफरीत आढळणारी अनेक सारखी नावे आणि गावांची इंग्रजी लेखनात झालेली मोडतोड यांमुळे कोकणातील कुटुंबाला आपला पूर्वज निश्चित करणे जड जाते. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांची पोर्तुगीज धाटणीची नावे शोधण्यास त्यामानाने सोपी असली, तरी डिसोझा व फर्नांडिस यांची संख्याही काही कमी नव्हती. अशा वेळी सारंगाच्या नावावरून टोळी आणि टोळीवरून गाव, असा उलटा शोध घेणे अधिक फलदायी ठरते.

भारतीय खलाशाच्या सलग सेवापुस्तिकेला बोलीभाषेत 'नली' म्हणत. हे कागद पत्र्याच्या नळीत जपून ठेवले जात, त्यावरून हे नाव आल्याचे सांगतात. जहाजाचे नाव, हुद्दा, रुजू होण्याच्या व सुटण्याच्या तारखा आणि शेरा हे सारे तिच्यात एकाखाली एक येत असल्याने, सरकारी अभिलेखागारांत जे सहसा सापडत नाही ते अशा एखाद्या कौटुंबिक कागदात मिळू शकते.

१९१३ नंतर आणि इतर देश

१९१३ मध्ये ब्रिटनने खलाशांची मध्यवर्ती नोंद पुन्हा सुरू केली. तिच्यातील १९१८ ते १९४१ या काळातील पत्रे उपलब्ध असून १९१८ ते १९२१ या वर्षांच्या एका संचात खलाशांची छायाचित्रेही आहेत. या पत्रांवर जहाजांचे अधिकृत क्रमांक लिहिलेले असतात, त्यामुळे नावावरून जहाजाकडे जाण्याचा मार्ग मोकळा होतो. तोवर शिडांचे युग जवळजवळ संपले होते.

इतर देशांत निराळ्या हेतूंनी निराळे कागद तयार झाले. डच ईस्ट इंडिया कंपनीने प्रत्येक सफरीसाठी वेतनवह्या ठेवल्या आणि त्यांतील अठराव्या शतकाच्या नोंदींवरून सात लाखांहून अधिक नोंदींची सूची बनवण्यात आली आहे. अमेरिकेने १७९६ च्या कायद्याने आपल्या खलाशांना नागरिकत्वाचे संरक्षणपत्र देण्यास प्रारंभ केला. ब्रिटिश नौदलाच्या सक्तीच्या भरतीपासून त्यांना वाचवणे हा त्याचा उद्देश होता. सिडनी बंदरात १८४५ पासून येणाऱ्या जहाजांवरील खलाशांची नावे शिपिंग मास्टरच्या कार्यालयात घेतली जात. ब्रिटिश करारपत्र हरवले असल्यास त्याच सफरीची यादी अनेकदा सिडनीच्या या कागदांत सापडते.